ताई ‘मराठी मतां’वर निवडून आल्या?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आमच्या इंदूरच्या माजी भाजप खासदार आणि माजी लोकसभाध्यक्ष सुमित्राताई महाजनांवरचा लेख वाचला. लेखकाची तळमळ कळते, पण एका वाक्यापाशी मला चहाचा कप खाली ठेवावा लागला. ‘इंदूरच्या मराठी समाजाने आपली लेक आठ वेळा लोकसभेत धाडली.’ हे वाक्य आपल्या लोकांना फार गोड लागतं. गणपतीत, कोजागिरीला, हळदीकुंकवाला मी ते इतकी वर्षं ऐकत आले की आता ते खरंच वाटायला लागेल अशी भीती वाटते.

पहिली गोष्ट, लेक नव्हे, सून. ताई चिपळूणच्या, माहेरच्या साठे. जन्म १९४३चा. १९६५ मध्ये लग्न होऊन इंदूरच्या महाजन वकिलांच्या घरी आल्या आणि एम.ए., एलएल.बी. इथंच केलं. यात कमीपणा कसला? चौंडीहून होळकरांच्या घरी आलेल्या सुनेला आजही सगळं इंदूर माँसाहेब म्हणतं, विमानतळावर आणि विद्यापीठावर तिचंच नाव आहे. ताईंनी स्वतः अहिल्यादेवींवर नाटक लिहिलं आहे. म्हणजे सून काय करू शकते, हे त्यांना आपण सांगायला नको.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मी शाळेत गणित शिकवत असे, तेव्हा सवय जात नाही. २०१४ मध्ये ताईंना साडेआठ लाखांवर मतं पडली आणि मताधिक्य होतं ४ लाख ६६ हजार. आता रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशी सगळीकडची मराठी घरं मोजा. ज्यांची मुलं पुण्याला गेली आणि घराला कुलूप आहे तीही धरा. पोतं भरतं का? अर्धंसुद्धा भरत नाही. मतदारसंघात देपालपूर आहे, सांवेर आहे, राऊ आहे. तिथल्या खेड्यांतल्या बायकांनी, मालवी बोलीवर वाढलेल्या शेतकऱ्यांनी, सराफ्यातल्या व्यापाऱ्यांनी त्यांना मत दिलं. मारवाडी असो की सिंधी, त्यांना सगळे ‘ताई’च म्हणतात, ‘दीदी’ किंवा ‘बहनजी’ नाही. आपल्या बोलीतला एक शब्द त्यांनी अख्ख्या हिंदी शहराच्या तोंडी बसवला. मला विचाराल तर मराठी माणसानं अभिमान धरायचा तो याचा.

हे झालं कसं, ते लेखात नाही. लेख १९८९ पासून सुरू होतो आणि त्याचा अर्धा भाग ‘ताई विरुद्ध भाई’ (भाई म्हणजे कैलास विजयवर्गीय) या भाजपच्या घरगुती भांडणात जातो. ते भांडण पोहे-जिलबीसोबत चघळायला बरं आहे, पण त्याच्या आधी सात वर्षं होती. १९८२ मध्ये ताई नगरसेविका झाल्या, १९८४ मध्ये उपमहापौर. महापालिकेचं राजकारण म्हणजे काय, तर नळाला पाणी, तुंबलेली नाली, बंद पडलेला दिवा. हे काम पेपरात येत नाही, पण ज्या बाईच्या दारातली नाली साफ होते ती नाव विसरत नाही. मग १९८५ची विधानसभा. इंदूर-३ मध्ये काँग्रेसच्या महेश जोशींनी ताईंना हरवलं. लेखकानं हा पराभव गाळला आहे. का गाळावा? त्याच महेश जोशींना ताईंनी १९९९ मध्ये लोकसभेला हरवलं. चौदा वर्षांनी फिटलेली उधारी वाचायला कोणाला आवडणार नाही!

आणि १९८९. समोर होते प्रकाशचंद्र सेठी: राज्याचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री, १९८४ मध्ये इथूनच निवडून आलेले. आमच्या घरात तेव्हा दोन पक्ष होते. सासरे कट्टर काँग्रेसवाले. सेठीजींच्या विरोधात एक ‘नगरपालिकेतली बाई’ उभी आहे, याचंच त्यांना हसू यायचं. सासूबाई काही बोलत नसत. मतदानाच्या दिवशी दोघं बरोबर गेले, बरोबर परतले, जेवले. निकाल लागला, ताई लाखाहून जास्त मतांनी आल्या, तेव्हा सासरे म्हणाले, ‘कोणी दिली एवढी मतं?’ सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘दिली असतील कोणी कोणी.’ इंदूरच्या निवडणुकीचं याहून नेमकं विश्लेषण मी अजून वाचलेलं नाही.

हे शहर कोणाच्या खिशात नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. याच इंदूरनं १९६२ मध्ये कॉम्रेड होमी दाजींना अपक्ष म्हणून निवडून दिलं होतं. ताईंनाही इथं सगळं आयतं मिळालं नाही. २००९ मध्ये त्या जेमतेम ११,४८० मतांनी वाचल्या. ‘अजिंक्य’ वगैरे विशेषणं लावताना हा आकडा शेजारी ठेवावा. पुढच्याच निवडणुकीत त्याच सत्यनारायण पटेलांसमोर साडेचार लाखांवर मताधिक्य गेलं, त्यात मोदींच्या लाटेचा वाटा किती आणि ताईंचा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

लोकसभाध्यक्षपदाबद्दल लेखात नुसत्या आरत्या आहेत. मीराकुमार यांच्यानंतरच्या त्या दुसऱ्या महिला अध्यक्ष, बिनविरोध निवड, सगळं खरं. ‘बैठ जाइए, बैठ जाइए’ हा त्यांचा आवाज टीव्हीवर आला की आम्ही शेजारणी एकमेकींना हाक मारायचो, हेही खरं. पण काँग्रेसला ४४ जागा म्हणून विरोधी पक्षनेतेपद नाकारलं गेलं ते त्यांच्याच काळात. ऑगस्ट २०१५ मध्ये एका दिवशी २५ खासदार पाच दिवसांसाठी बाहेर काढले ते त्यांनीच. २०१६ मध्ये आधार विधेयकाला ‘धन विधेयक’ म्हणून शिक्का त्यांनीच दिला, त्यामुळे राज्यसभेच्या हातात शिफारशी करण्यापलीकडे काही उरलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ते चालवून घेतलं, तरी न्या. चंद्रचूड यांनी वेगळ्या निकालपत्रात त्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटलं. मी ताईंना मत देणारी आहे. म्हणूनच वाटतं, की आपल्या माणसाबद्दल लिहिताना हे प्रश्न गाळले तर ते कौतुक हारतुऱ्याच्या लायकीचंच राहतं.

आणि मनमाडची गाडी! हा आम्हा मराठी लोकांचा जुना ठणका. पूर्वी माहेरी जायचं तर पातालपाणीच्या घाटातून मीटरगेजनं खंडव्यापर्यंत रखडत जायचं, तिथं गाडी बदलायची, मुलं आणि लोणच्याची बरणी दोन्ही सांभाळत. इंदूर–मनमाड थेट मार्गाची मागणी ताई वर्षानुवर्षं करत होत्या, केंद्रात राज्यमंत्रीही होत्या, तरी मंत्रिमंडळाची मंजुरी आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींवर खर्च. तोवर ताईंना संसदेतून निघून पाच वर्षं झाली होती. हा दोष त्यांचा की दिल्लीचा, यावर आमच्या गच्चीवर अजून एकमत नाही.

२०१९ बद्दल मात्र लेखकाशी मी सहमत आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही असं वातावरण होतं, इंदूरची घोषणा अडकवून ठेवली होती. ५ एप्रिलला ताईंनी चिठ्ठी लिहून सांगितलं, की मला लढायचं नाही, पक्षानं निःसंकोच निर्णय घ्यावा. तीस वर्षांचं काम असं एका कागदावर संपलं. पुढे २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि इंदूरमध्ये ‘नोटा’ला २ लाख १८ हजार मतं पडली, तेव्हा झाल्या प्रकाराबद्दलची नाराजी ताईंनी स्वपक्षाची भीड न ठेवता बोलून दाखवली. २०२१चं पद्मभूषण लेखात चौकटीत छापलं आहे. ही नाराजी चौकटीत जास्त शोभली असती.

आता विनंती. १९८२ ते १९८९ या काळात ताईंबरोबर गल्लोगल्ली फिरलेले कार्यकर्ते आणि त्यांच्या विरोधात भिंती रंगवलेलेही आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यातले काही याच अंकाचे वर्गणीदार असतील. त्यांच्याकडून आठवणी, फोटो, पत्रकं मागवा, मराठी घरांतून आणि बिगरमराठी घरांतूनही. हिंदीत आलं तर आम्ही वाचू, त्यात काय.

सासूबाईंच्या पेटीत साड्यांच्या घडीखाली मला १९८९च्या निवडणुकीचं एक पत्रक सापडलं आहे. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात वाण्याची यादी: तूरडाळ, गूळ, साबण. आपला माणूस पाठवलात तर देईन. काम झाल्यावर परत मात्र करा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर