दार नऊ मीटरचं आहे

डोंबिवली,
रविवार सकाळ

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार बोलली नाहीस. "काम सफाईदार आहे, पण खेळणं वाटतं, असं लिहिलंय त्यांनी," एवढाच तुझ्या अंतराळयानाच्या चित्रावर आलेला शेरा सांगितलास आणि फोन आईकडे दिलास. मी नुसतं "होईल गं" म्हणालो. नंतर माझं मलाच ते अपुरं वाटत राहिलं. पोरीनं चार महिने रात्री जागून एक यान उभं केलं, आणि जन्मभर जहाजांच्या ड्रॉइंगमध्ये घालवलेल्या बापाकडे तिला सांगायला दोनच शब्द असावेत? म्हणून तीन दिवस झाले, तू दिवाळीत लॅपटॉपवर टाकून दिलेलं ब्लेंडर, म्हणजे तो त्रिमितीय आकार घडवायचा प्रोग्राम, उघडून बसलोय. तुझी फाइल माझ्याकडे होतीच.

पहिल्या दिवशी एकच केलं. एक ठोकळा घेतला, त्याची उंची १.७० मीटर केली, म्हणजे माझीच उंची, आणि तो यानाच्या बाजूच्या दाराशी नेऊन उभा केला. आधी तो दिसेचना. वाटलं, हातून पुसला गेला. मग अगदी जवळ गेलो तर उंबऱ्याशी बिचारा उभा, आणि दार त्याच्या डोक्यावरून कुठच्या कुठे वर गेलेलं. मोजलं. नऊ मीटर. आपल्या लालबागच्या चाळीचे तीन मजले त्यात उभे राहतील. मालाचं दार असतं तर समजलो असतो. पण त्याला तू मूठ लावली आहेस, गोल खिडकी काढली आहेस, शेजारी शिडी आहे. त्या शिडीच्या दोन पायऱ्यांत १.३५ मीटरचं अंतर आहे. माणसाच्या शिडीला ते साधारण तीस सेंटिमीटर असतं.

मनू, बघणारा यानाची लांबी वाचत नाही. तो दार बघतो. दार म्हणजे दोन मीटर, हे त्याच्या डोळ्यात लहानपणापासून बसलेलं असतं. मग तुझं १,८०० मीटरचं यान त्याच्यापुरतं ४०० मीटरचं होतं. आज समुद्रावर चालणारी सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं तेवढीच असतात. म्हणजे तुझी मेहनत पावणेदोन किलोमीटरची आणि पदरात पडलं त्याच्या पावपट.

तू दार मोठं का केलंस तेही कळलं. तुझं चित्र ३,८४० पिक्सेल रुंद आहे आणि यान त्यातले साधारण ३,००० व्यापतं. एका पिक्सेलात साठ सेंटिमीटर. खरं दार काढलं तर ते उभे तीन ठिपके. तीन ठिपक्यांत मूठ आणि खिडकी कुठून दिसणार? म्हणून हात आपोआप मोठं काढतो. यात तुझा हात चुकलेला नाही. चित्राची मांडणी अशी झाली आहे की माणसापासून यानापर्यंत जायला मधे पायरीच उरलेली नाही.

तुला आठवतं का, तू सहा वर्षांची असताना आपण भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलो होतो? समोर खाडीत एक मालवाहू जहाज नांगरून पडलं होतं. मी हौसेनं दाखवलं, तर तू एकदा बघून पुन्हा भेळ खायला लागलीस. क्षितिजावरचं जहाज म्हणजे पाटीवरची रेघ, त्यात बघण्यासारखं काय? मग लाँच जवळ गेली. जहाजाला एक टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी बोट, बिलगला होता, आपल्या लाँचपेक्षा चांगलाच मोठा, आणि तो जहाजापुढे चपलेएवढा दिसत होता. कुशीवर दोरांची शिडी सोडलेली आणि तिच्यावरून एक माणूस चढत होता. तेव्हा तू भेळ खाली ठेवलीस आणि मला विचारलंस, "बाबा, ही भिंत कुणाची?"

ते जहाज एका क्षणात मोठं झालं ते त्याच्या लांबीमुळे नाही. तू स्वतः लाँचमध्ये बसली होतीस, लाँचवरून टग मोजलास, टगवरून जहाज मोजलंस, आणि शिडीवरचा माणूस दिसल्यावर सगळा हिशेब पक्का झाला. तुझ्या चित्राला तो टग हवा आहे. वीस मीटरची एखादी कामाची होडी यानाच्या कुशीला लाव, ती तेहेतीस पिक्सेलची येईल. तेहेतीस पिक्सेलात होडी दिसते, तिचा दिवा दिसतो. दार मग तीन ठिपक्यांचंच राहू दे. उघड्या दारातून आलेल्या उजेडाचे तीन पिवळे ठिपके पुरतात, फक्त त्यांच्या खाली होडी असली पाहिजे.

आणि एक कर. यान अख्खं चौकटीत बसवू नकोस. तू ते अलगद मधोमध ठेवलं आहेस, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून, सराफाच्या काचेच्या कपाटात हार ठेवतात तसं. तुला ती भिंत वाटली कारण तिचा शेवट तुला दिसत नव्हता. कॅमेरा त्या होडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याशी आण, लेन्स रुंद घे, आणि यानाचा मागचा भाग चौकटीबाहेर जाऊ दे. स्टार वॉर्सच्या सुरुवातीला डोक्यावरून जाणारं ते अजस्र यान आठव. १९७७ साली ते वापरलं तेव्हा ते मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं. कॅमेरा त्याच्या पोटाखालून, अगदी खेटून गेला, आणि बघणाऱ्याला ते संपता संपेना.

आता "खेळणं" या शब्दाबद्दल. मला तो सुरुवातीला फार लागला, तुझ्याइतकाच. पण फाइल बघता बघता वाटलं की लिहिणाऱ्याला काहीतरी खरं दिसलं होतं, फक्त त्यानं कारण सांगितलं नाही. कारणं माझ्या मते तीन. पहिलं दार. दुसरं, तू शेपटाकडचा भाग धूसर केला आहेस. फोटोत तसं धूसर कधी येतं? आईच्या जास्वंदीच्या फुलाचा जवळून फोटो काढला की. वस्तू लहान आणि कॅमेरा जवळ असला की मागचं पुसट होतं. शेकडो मीटर लांबचं जहाज टिपलं तर नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत सगळं लख्ख येतं. ते धूसरपण बघून डोळा म्हणतो, ही हातभर वस्तू आहे. ते बंद कर. तिसरं म्हणजे कडा. प्रत्येक कडेला तू पन्नास सेंटिमीटरचा बेव्हल दिला आहेस, म्हणजे कड मोडून गोल केली आहेस. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या कडा अशा गोल असतात. पोलादी प्लेटची कड काही मिलिमीटरच मोडलेली असते. लांबून तिथे उजेडाची एक केसाएवढी रेघ दिसते, तीही सगळीकडे नाही.

पृष्ठभागावर तू जे बारीक सामान पेरलं आहेस, ज्याला तू ग्रीबल म्हणतेस, त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. स्टार वॉर्सवाल्यांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या प्लास्टिक किटचे तुकडे चिकटवून ते केलं, हे तूच मला सांगितलंस. छान युक्ती आहे. पण तुझ्या यानावर ते सगळीकडे सारखं पसरलंय, ॲरे लावून, म्हणजे एकच तुकडा ओळीनं पुन्हा पुन्हा उमटवून, शेतात खत टाकल्यासारखं. नजरेला टेकायला जागाच नाही.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका टाकीतून जाणारा पाइप मी ड्रॉइंगमध्ये कोपऱ्यात घेतला होता. कागदावर सुंदर दिसत होता. आमच्याकडे मालवणचे एक वयस्क वेल्डर होते. त्यांनी मला बोलावलं, हातात टॉर्च दिला आणि मॅनहोलमधून आत जायला सांगितलं. मॅनहोल म्हणजे सहाशे बाय चारशे मिलिमीटरचं भोक, एक हात पुढे घालून खांदा तिरका केल्याशिवाय माणूस जात नाही. आत पालथा पडून फ्रेमच्या खालून सरकत त्या कोपऱ्यात पोचलो. बाहेरून आवाज आला, "आता तिथे हात घाल बघू." हात जाईना. गेला तरी वळेना. आणि त्यांना तिथे पेटती वेल्डिंग रॉड धरून पाइपच्या मागची शिवण मारायची होती. ते रागावले नाहीत. मी बाहेर आल्यावर माझ्या शर्टाचा गंज झटकला आणि चहा पाजला. मी त्या दिवशी ड्रॉइंग बदललं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही रेघ मारताना तिथे कुणाचा हात कसा पोचेल हे बघितल्याशिवाय पुढे गेलो नाही.

तुझ्या यानावरचा प्रत्येक पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो, ते मला सांगता आलं पाहिजे. कुणाला तो बदलायला यावं लागेल? तो कशाला धरून उभा राहील? मग आपोआप सामान एकत्र येतं. खऱ्या जहाजाची कूस बघ, मैदानासारखी मोकळी असते. गर्दी असते ती दोर ओढायच्या विंचपाशी, झाकणापाशी, होड्या टांगल्या असतात तिथे, कारण तिथे माणसं काम करतात. मोकळ्या कुशीवरही बघण्यासारखं असतंच. सकाळच्या तिरप्या उन्हात प्लेटवर आतल्या फ्रेमच्या फासळ्या उमटतात, वेल्डिंगच्या ओढीनं पत्रा जरासा आत बसलेला असतो. नाळेपाशी पाणी किती चढलंय ते दाखवणारे आकडे असतात, दहा सेंटिमीटर उंच, दर वीस सेंटिमीटरला एक. तुझ्या यानाला पाणी नाही, पण गोदीत लागताना अंतर मोजायला असे आकडे लागतीलच की. एखादी रांग काढून बघ. जवळच्या चित्रात ते दारापेक्षा जास्त काम करतील.

उजेडाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितो. तू यान शनीपाशी नेलं आहेस आणि तीन बाजूंनी दिवे लावले आहेस, निळा, नारिंगी आणि पांढरा. तिथे दिवा एकच, सूर्य. तो पृथ्वीपासून आहे त्याच्या साडेनऊपट लांब, म्हणून ऊन इथल्या जवळजवळ नव्वदाव्या हिश्शाचं. ब्लेंडरमध्ये सूर्याच्या दिव्याला जो कोन असतो, म्हणजे सूर्य केवढा दिसतो ते माप, तो आपल्या इथल्या सूर्याचा, अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. शनीवर तो ०.०५५ अंशाच्या आसपास कर. सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी येईल. मी करून बघितलं, तेवढ्या एका आकड्यानं यान दुप्पट मोठं वाटायला लागलं. सावलीचा भाग मात्र ठार काळा ठेवू नकोस. शेजारी एवढा मोठा शनी आहे, त्याच्यावरून परतलेला मंद पिवळसर उजेड यानाच्या पोटावर पडेल. तुझा नारिंगी दिवा काढून तिथे हा उजेड आण, रंगाची हौसही भागेल. चांदण्या मात्र काढून टाक. उन्हातल्या यानाला जमेल असं एक्स्पोजर धरलं की चांदण्या येत नाहीत. चंद्रावर काढलेल्या अपोलोच्या फोटोंत आकाश काळंच आहे. आणि शनीची सावली त्याच्या कड्यांवर पडायला हवी, ती राहिली आहे.

एका गोष्टीनं मात्र मी थांबलो. तू इंजिनाजवळ मोठाले पांढरे पंखे लावले आहेस. आधी वाटलं सौर पॅनेल आहेत, आणि मनात म्हटलं, इथे चुकली. शनीकडे गेलेलं कॅसिनी यानसुद्धा सौर पॅनेल न लावता प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज करत होतं, कारण तिथल्या उन्हात भागत नाही. मग तुझी टीप वाचली, रेडिएटर. मनू, मला फार आनंद झाला. आमच्या जहाजाचं इंजिन तापलं की समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि उष्णता समुद्राला देऊन टाकायची. तुझ्या यानाला समुद्र नाही. तिथे उष्णता फक्त किरणांनी बाहेर फेकता येते, आणि त्याला असेच रुंद पंखे लागतात, अंतराळ स्थानकावर आहेत तसे. बहुतेक लोक आपल्या चित्रात ते विसरतात. तुला सुचलं. आणि इतकी चांगली गोष्ट तू सावलीत, मागे, धूसर भागात लपवून ठेवली आहेस! ते पंखे पुढे आण. चित्राचा सगळा तोल त्यांच्यावर उभा कर.

नाकाच्या वळणात एक बारीकसा पोक आहे, पुढून तिसऱ्या खंडात. मी लागलो तेव्हा गोदीत एक मोठा लाकडी मजला होता, त्यावर जहाजाच्या रेषा खऱ्या मापात काढायच्या. लवचीक लाकडी पट्टी वजनांनी दाबून वाकवायची, मग गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला लावून पट्टीच्या लांबीनं बघायचं. वरून कितीही चांगली दिसली तरी पोक असला तर तिथूनच कळतो. कॅमेरा यानाच्या कडेला टेकवून तसंच बघ, सापडेल.

फाइल आजच परत पाठवतोय. तुझं काहीही हलवलेलं नाही. दाराशी तो १.७० चा ठोकळा तसाच ठेवलाय, त्याला "बाबा" नाव दिलंय. रेंडर करताना, म्हणजे शेवटचं चित्र काढताना, लपव, पण पुसू नकोस. सोबत पेन्सिलनं काढलेल्या पाच छोट्या चौकटी कुरिअरनं येतील, होडी कुठे ठेवता येईल त्याच्या. तिसरी मला सगळ्यात बरी वाटते, पण तू आधी सगळ्या बघ. आईनं त्याच डब्यात बेसनाचे लाडू भरलेत.

तुझा,
बाबा