गणेशोत्सवातील स्पर्धा आणि क्लबहाऊसचा रॅम्प

प्रति,
माननीय अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय : दिव्यांग रहिवाशांना सोसायटीच्या खेळांत सहभागी होता यावे यासाठी सूचना

महोदय,

क्लबहाऊसच्या तीन पायऱ्यांवर ७ फुटांचा रॅम्प करायचे चालले आहे. कृपया हे काम थांबवा. प्रत्येक पायरी ६ इंच, म्हणजे एकूण चढ दीड फूट. नियम १ फूट चढाला १२ फूट लांबीचा, म्हणून रॅम्प १८ फूट हवा. ७ फुटांच्या रॅम्पवर व्हीलचेअर मागे उलटू शकते आणि ढकलणाऱ्यालाही ती आवरत नाही. सरळ जागा नसेल तर रॅम्प भिंतीलगत काटकोनात वळवावा, वळणावर आणि दारापुढे ५ बाय ५ फूट सपाट जागा ठेवावी. दोन्ही बाजूंना कठडा हवा. चकचकीत टाइल नको, पावसात घसरते. खरबरीत कोटा फरशी किंवा झाडूने रेघा ओढलेले काँक्रीट पुरे. आणि रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लागणार असेल, तर वरचा सगळा खर्च वाया.

दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटिमीटर मिळायला हवी. स्वच्छतागृहाचे दारही मोजा, ते नेहमी राहून जाते.

आता खेळ. ‘दिव्यांगांसाठी विशेष स्पर्धा’ असा वेगळा कार्यक्रम आम्हाला नको. त्यात हार-तुरे जास्त आणि खेळ कमी होतो. कॅरममध्ये सगळे बसूनच खेळतात, वेगळा गट कशाला? फक्त कैचीचा स्टँड काढा, कारण त्याच्या पायांत व्हीलचेअरचे पायदान अडकते. चार कोपऱ्यांवर पाय असलेले टेबल घ्या. गुडघे आत जात नसतील तर टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवा. समोरच्याला बोर्ड उंच वाटला तर त्याच्या खुर्चीवर उशी.

टेबल टेनिसला टेबलाची उंची तीच, ७६ सेंटिमीटर. मात्र पाय टेबलाच्या टोकापासून किमान ४० सेंटिमीटर आत असावेत. व्हीलचेअरवरील खेळाडूला केलेली सर्व्हिस त्याच्या बाजूला टप्पा पडून कडेने बाहेर गेली किंवा जाळीकडे परतली, तर गुण न देता पुन्हा सर्व्हिस, हे पंचांना आधीच सांगून ठेवावे.

बुद्धिबळासाठी अंधांचा एक पट घ्यावा. त्यात काळी घरे किंचित उंच असतात, सोंगट्या भोकांत रुततात, काळ्यांच्या डोक्यावर खूण असते. डोळस प्रतिस्पर्धी आपल्या नेहमीच्या पटावर खेळतो आणि दोघेही चाल मोठ्याने बोलतात. त्या वेळी मंडपातला स्पीकर बंद हवा, ही अट सर्वांत अवघड जाईल! धावण्याच्या शर्यतीत शिट्टीबरोबर झेंडाही खाली आणावा, म्हणजे ऐकू न येणारी मुले मागे पडणार नाहीत.

नावनोंदणीच्या अर्जात ‘खेळताना कोणती सोय लागेल?’ ही एक ओळ वाढवावी. रॅम्पचा नवा आराखडा येत्या मासिक सभेत ठेवावा, मोजमापाला आमच्यापैकी दोघे हजर राहतील.

आपले,
बी आणि सी विंगमधील रहिवासी