कलमाखाली जुनं लुगडं पसरणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे साधा फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगितलंय. चारचौघांत लिहिते आहे, कारण निसर्ग चक्रीवादळातून वाचलेली झाडं अजून कितीतरी घरांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी आहेत. तुम्ही आमच्याकडे जे केलंत ते त्या घरांनाही कळावं, असं मनापासून वाटतं.

३ जून २०२० हा दिवस दापोली तालुक्यात कोण विसरेल? संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या पडल्या होत्या आणि सात माडांतले दोन उरले होते. खळ्यातलं हापूसचं कलम मात्र जागचं हललं नव्हतं. दोन मोठ्या फांद्या खोडावरची साल सोलवटत खाली आल्या होत्या, एवढंच. माझ्या सासऱ्यांनी लावलेलं झाड ते. ते राहिलं याचाच आम्हाला इतका आनंद झाला, की त्याच्या जखमांकडे कोणी नीट बघितलं नाही. उलट कौतुकाने त्याला जांभ्याचा पार बांधला, आत बुंध्याला लागून हातभर माती चढवली, वर फरशी घातली आणि न्हाणीचं पाणी त्याच्या मुळाशी सोडून दिलं.

चौथ्या वर्षी पालवी विरळ झाली. शेंडे वाळायला लागले आणि बुंध्यापाशी लाकडाचा भुसा दिसू लागला. लाकूड घेणारा एक जण येऊन टकटक करून गेला. आतून पोखरलंय, पावसात घरावर येईल, म्हणाला. आम्ही घाबरलो आणि भाव ठरला. सासूबाई यावर काहीच बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा त्या मागच्या पडवीत घ्यायला लागल्या.

तुम्ही आला होतात नारळ पाडायला. माडावरून उतरल्यावर पाणी प्यायला पारावर बसलात, भुसा चिमटीत घेऊन चोळलात आणि म्हणालात, "ओला आहे. म्हणजे लाकूड पोखरणारी अळी, भिरूड, आत जिवंत आहे. झाड कशाला तोडताय, भिरूड काढा की!"

तुम्ही तेव्हाच चढाल असं मला वाटलं होतं. तुम्ही मात्र आधी झाडाखालची जागा झाडून घ्यायला लावलीत आणि सासूबाईंचं जुनं लुगडं मागून ते बुंध्याभोवती पसरलंत. आठ दिवस रोज सकाळी लुगडं बघायचं, भुसा कुठे पडलाय त्याच्या नेमकं वरचं भोक शोधायचं आणि तिथे खडूने खूण करायची. माझ्या मुलाने ते काम शाळेच्या अभ्यासापेक्षा मन लावून केलं. आठ दिवसांत अकरा भोकं सापडली. त्यांतल्या चारच भोकांतून ताजा भुसा येत होता, बाकीची जुनी, कोरडी होती. झाड आतून संपलंय, असं आम्ही मानून बसलो होतो. प्रत्यक्षात झुंजायचं होतं ते चार अळ्यांशी.

सायकलच्या चाकाची तार टोकाला वाकवून तुम्ही ती भोकात फिरवत होतात, ते मी खालून श्वास रोखून बघत होते. पहिली अळी बाहेर आली तेव्हा मला शहारा आला. पांढरट, बोटाएवढी जाड, तपकिरी डोक्याची. तिची आई म्हणजे लांब मिशांचा तो करडा भुंगा, हे तुम्हीच सांगितलंत. सालीच्या चिरांत, जखमांत तो अंडी घालतो आणि अळी महिनोन् महिने लाकूड खात आत सरकते. वादळाने सोललेली साल आम्ही तशीच ठेवली होती, वर ओल्या मातीने बुंध्याची उरलेली सालही कुजवली होती. भुंग्याला आणखी काय हवं होतं! चारही भोकांत पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा सारून वरून चिकणमातीने तोंडं लिंपलीत. मग फांद्यांचे फाटके खुंट करवतीने साफ केलेत. तेव्हाचं तुमचं बोलणं मला पाठ झालंय: आधी खालून खाच, मग वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल ओढून नेत नाही. आणि काप थोडा तिरका, पाणी थांबता कामा नये.

बोर्डो पेस्ट, म्हणजे झाडाच्या जखमांवर लावायचा मोरचूद-चुन्याचा लेप, हे नाव मी ऐकलेलं होतं, पण ती शेतीच्या पिवळ्या पुस्तिकेत वाचायची गोष्ट वाटायची. तुम्ही आमच्या पडवीत बसून शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवलंत, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात भिजवलात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, लोखंडाला हात न लावता. दोन्ही एकत्र ओतल्यावर मात्र विळीचं पातं मागितलंत. पातं बुडवून काढलं तर त्यावर तांबूस थर चढलेला. "चुना कमी पडला," म्हणालात आणि थोडी निवळी वाढवलीत. दुसऱ्यांदा पातं स्वच्छ आलं. त्याच दिवशी सगळी पेस्ट संपवायची, उद्यावर ठेवायची नाही. कापलेल्या जागा आणि कमरेएवढा बुंधा निळा झाला, तेव्हा सासूबाई पुढच्या दारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही पाठमोरे होतात, तुम्हाला दिसलं नसेल.

पार फोडायचा म्हटल्यावर घरात थोडी कुरकुर झाली. दोन वर्षांपूर्वीच पैसे घातलेले. पण माती काढल्यावर खालची काळी, मऊ पडलेली साल पाहून सगळे गप्प झाले. झाड जेवतं ते बुंध्याशी नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेला, हे तुम्ही काठीने जमिनीवर गोल आखून दाखवलंत. आता आम्ही पाऊस सुरू झाला की त्याच गोलात चर काढून पाच घमेली शेणखत घालतो. पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, जाळत नाही, तिथेच पसरतो. दिवाळीनंतर झाडाला पाणी देत नाही, ताण बसू देतो. आधी आम्ही मायेने पाणी घालत होतो आणि मोहोराऐवजी पालवीच येत होती.

माडांचंही सांगायचं राहिलं. पात्या कात्रीने कापल्यासारख्या दिसत होत्या, त्याचा गेंड्या भुंगा आमच्याच शेणाच्या खड्ड्यात वाढत होता, हे कळल्यावर खड्डा उपसला. अळ्या कोंबड्यांनी फस्त केल्या. कोवळ्या पात्यांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या आणि वर बारीक वाळू, हे माझा मुलगा चढून करतो. दोन्ही माड ठीक आहेत.

तुम्ही रोजाचे पैसे मोजून घेतलेत, ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत. पण त्यानंतर तीन वेळा, वाट वाकडी करून, फक्त लुगडं बघायला आलात. त्या तीन फेऱ्यांचं मोल मला देता आलं नाही, ते इथे लिहून ठेवते आहे. सासऱ्यांच्या झाडाची आम्ही किंमत ठरवून बसलो होतो. तुम्ही बसून भुसा चोळला नसतात तर आज खळ्यात खुंट असता आणि सासूबाईंसमोर मान वर करून बोलायची मला लाज वाटली असती. त्या परत पुढच्या दारी चहा घेतात. मोठ्या जखमेच्या कडेने नवी साल गोल चढत आत आली आहे, मधला भाग आता तळहाताएवढा उरलाय. यंदा डावीकडच्या फांद्यांना मोहोर टिकला.

मोरचूद आणून ठेवलाय, चुनाही. भुंगे पावसात निघतात, त्याआधी बुंध्याला दुसरा हात द्यायला हवा. या वेळी पेस्ट मी करणार आहे, पातंही मीच बुडवून बघेन. तुम्ही नुसते खुर्चीवर बसा आणि चुना कमी पडला की सांगा.

तुमची,
कलमवाल्या घरातली सूनबाई