तो आवाज मलाही ऐकवलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

आज सकाळी बीपी १२६/८० आलं. विश्वास बसेना म्हणून दोनदा पुन्हा मोजलं. मग दंडाचा पट्टाही न काढता कितीतरी वेळ रडले.

२९व्या वर्षी माझं बीपी २००/१२० होतं. पुढची तीन वर्षं गोळ्या एकाच्या चार झाल्या आणि जाईन तिथे तेच ऐकलं. टेन्शन घेऊ नका, मीठ कमी करा, गोळ्या चुकवता का? एकांनी तर माझ्यादेखत नवऱ्याला विचारलं, "घरात काही कटकट?" एकही गोळी चुकवली नव्हती हो मी! मूत्रपिंडाची धमनी आवळली की बीपी चढतं, हे गोल्डब्लॅट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं. तरीही एवढ्या तरुण बाईचं बीपी चार गोळ्यांना दाद देत नाही, यामागे काही कारण असेल, असं कुणालाच वाटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर घासून कोमट केलीत. बेंबीच्या वर, जराशी उजवीकडे टेकवलीत आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. मग नळ्या काढून माझ्या कानांत घातल्यात. सुस्स... सुस्स... प्रत्येक ठोक्याला.

"रक्त चिंचोळ्या जागेतून जातंय, त्याचा आवाज आहे हा. तुमचं काही चुकलेलं नाही."

तीन वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा कुणी म्हटलं. पुढे अँजिओग्राफीत मूत्रपिंडाची धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसली, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया हे नाव कळलं, म्हणजे धमनीची भिंतच बिघडून ती जागोजागी आवळणारा आजार. रक्त कमी पोचल्यामुळे बिचारं मूत्रपिंड शरीराचं प्रेशरच पडलंय असं समजून बीपी चढवणारं रेनिन सोडत होतं, हेही तुम्हीच समजावलंत. दोष धमनीच्या फाट्यांपर्यंत गेलेला, आत फुगा फुगवून ती रुंद करण्यानं भागणार नव्हतं, म्हणून मांडीतली शीर काढून बायपास केलात. ऑपरेशनचं श्रेय तुमच्या हातांना आहेच. पण मी बरी व्हायला लागले ती त्या खुर्चीत, नळ्या कानांत असताना. पेशंटचं खरं मानून चालणारा माणूस भेटणं केवढी मोठी गोष्ट असते, ते ज्याला भेटला नाही त्यालाच कळतं.

परवा तपासणीला तुम्ही न सांगता पुन्हा नळ्या माझ्या कानांत घातल्यात. पोटातली गुडगुड तेवढी ऐकू आली. दुसरं काही नाही.

तुमची ऋणी,
एक पेशंट