घामातली साखर आणि बातमीची घाई

संपादक महोदय,

घाम टिपून आरोग्य सांगणाऱ्या पट्ट्यांविषयीची आपल्या विज्ञान पानावरील बातमी वाचली. मधुमेहींची बोटाला सुई टोचण्यातून आता सुटका, हा तिचा सूर मात्र पटला नाही.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या चमूने २०१६ मध्ये अशी मऊ पट्टी सादर केली. बारीक नलिकांतून घाम रसायनांपर्यंत जातो, त्यांचा रंग बदलतो आणि मोबाइलचा कॅमेरा तो रंग वाचतो. बॅटरीसुद्धा लागत नाही. कल्पना देखणीच आहे. घाम किती गेला, त्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) किती, हे मोजायला ती उत्तम. घामातील क्लोराइडवरून सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे निदान तर डॉक्टर कित्येक दशके करत आले आहेत. लिटरला ६० मिलीमोल किंवा अधिक, ही त्याची खूण.

साखरेचे तसे नाही. रक्ताच्या तुलनेत घामात ती साधारण शंभराव्या हिश्श्याइतकीच असते. घाम सुटण्याचा वेग बदलला की आकडा हलतो, त्वचेवर आधीची साखर असली (जिलबीचा चिकट हात पुरे!) तरी हलतो. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांची मान्यता नव्हती. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जीवावर बेतू शकते. बातमीत हा इशारा एका ओळीत तरी यायला हवा होता.

– एक मधुमेही वाचक, सांगली