मापापुढचा आकडाही वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत टायर खरेदीवर आलेला लेख वाचला. पकड, टिकाऊपणा, आवाज, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक, सगळं त्यात होतं. पण पिकअपला मागे ट्रेलर जोडणाऱ्यांनी जे सर्वांत आधी बघायला हवं, त्याचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचा, उल्लेखच नव्हता. म्हणून हे पत्र.

अकरा वर्षं मी पिकअपच्या मागे जनरेटरचा ट्रेलर ओढतोय. जनरेटर धरून ट्रेलरचं वजन २००० किलो. गेल्या वर्षी टायर गोटा झाले म्हणून चारही नवे टाकले. माप तेच, २४५/७५ आर १६. रिकामी गाडी लोण्यासारखी चालत होती. आठव्या दिवशी ट्रेलर जोडून निघालो आणि शेजारून मोठा ट्रक गेला की गाडीचं बूड डोलायला लागलं, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं तरी. कडेला घेऊन उतरलो. ट्रेलरच्या टायरला हात लावला, कोमट. पिकअपच्या मागच्या टायरला लावला आणि झटकन काढून घेतला, इतका तो तापला होता. खालच्या बाजूने त्याची भिंत फुगून रस्त्याकडे झुकली होती. हवा मोजली, कमी नव्हती.

मग स्टेपनी काढली. ती गाडीबरोबर आलेली, मूळची. दोन्ही टायर शेजारी ठेवून उकिडवा बसलो आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. माप सारखंच. पण स्टेपनीवर मापाआधी ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे ओझ्याच्या गाड्यांचा टायर) आणि मापापुढे १२०/११६. नव्यावर ‘एलटी’ नाही आणि पुढे नुसतं १०९. हा लोड इंडेक्स. १२० म्हणजे एक टायर १४०० किलो पेलतो, १०९ म्हणजे १०३० किलो. (तिरक्या रेघेनंतरचा ११६ हा एका बाजूला दोन-दोन चाकं असणाऱ्या गाड्यांसाठी.) शिवाय असा, म्हणजे मोटारीसाठीचा ‘पी’ प्रकारचा टायर पिकअपला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची असते. म्हणजे १०३० चे उरतात ९३६.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर जोडलेला ठेवून, हत्यारांच्या पेट्यांसकट, फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घेतली. २१४० किलो भरले. दोन टायर मिळून पेलणार १८७२ आणि मी वर ठेवलेले २१४०!

ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालतो, पिकअपच्या टायरला त्याचा काय भार, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. पण नीट भरलेल्या ट्रेलरची दांडी हुकावर साधारण १० ते १५ टक्के वजन टाकते. माझ्या बाबतीत २०० ते ३०० किलो. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तरफ होऊन पुढची चाकं हलकी होतात आणि त्यांचा भारही मागे येतो. हा सगळा भार मागच्या दोन टायरांच्या भिंतींवर. भिंत मऊ असली की ती प्रत्येक फेऱ्याला दबते, उठते, आतून तापते आणि ट्रेलरला डोलू देते.

मी आठ दिवसांचे ते टायर उतरवून चारही एलटी टाकले. रिकामी गाडी आता थोडी आदळते, ते मला चालतं. मात्र जाड टायर घेऊन हवा जुन्याच अंदाजाने भरली तर काही उपयोग नाही. वरचा १४०० किलोचा आकडा पूर्ण दाबाचा आहे. भरल्या गाडीचा दाब गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायर थंड असताना भरावा, वाटेत गरम टायरमधली हवा वाढलेली दिसली तरी सोडू नये. आणि टायर दणकट झाला म्हणून गाडीची ओढण्याची मर्यादा वाढत नाही, ती कंपनीने दिली तेवढीच.

मोठ्या नक्षीचे चिखलाचे टायर रुबाबदार दिसतात, पण डांबरी रस्त्यावर भार ओढताना त्यांची उंच बटणं वळवळतात. ज्याला खरोखर चिखलात जायचं नाही त्याने रस्त्याचीच नक्षी घ्यावी. टायरवरचे, तो बनल्याच्या तारखेचे चार आकडेही बघावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

टायरविक्रेत्यांना माझी एक विनंती आहे. पिकअपवाला आला की आधी विचारा, मागे काही ओढता का? आणि पावतीवर मापाशेजारी लोड इंडेक्सही लिहा. माझ्या जुन्या पावतीवर माप अचूक होतं, १०९ कुठेच नव्हतं.

आपला,
एक पिकअपमालक वाचक