तिसऱ्या मंदिराची वाट कशासाठी पाहायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेरुसलेममधल्या तांबड्या कालवडींच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यात ‘ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेनुसार’ असे शब्द हमखास असतात. ती श्रद्धा अशी की, जेरुसलेममधली यहुद्यांची आधीची दोन मंदिरे पडली, आता तिसरे उभे राहिल्यावरच ख्रिस्त पुन्हा येईल. मी मराठी ख्रिस्ती आहे, मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बायबलचे वर्ग घेतो. ही श्रद्धा सगळ्या ख्रिस्ती लोकांची नाही, आणि ज्यांची आहे त्यांनी ती वचनाशी पुन्हा ताडून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये टेक्सासमधून पाच तांबड्या कालवडी विमानाने इस्राएलला नेण्यात आल्या. जिच्यात काही व्यंग नाही आणि जिच्या मानेवर कधी जू ठेवलेले नाही अशा कालवडीच्या राखेने शुद्धीकरण करावे, असे बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात सांगितले आहे. मंदिर पुन्हा उभारू पाहणाऱ्या यहुदी गटांना ती राख हवी आहे. त्यांचा धर्म, त्यांचे नियमशास्त्र. त्यावर मी बोलणार नाही. पण आपले काही उपदेशक ही कालवड उचलून थेट थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आणून बांधतात. बायबलमधल्या त्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की, प्रभूच्या येण्याआधी अनीतिमान पुरुष (ज्याला हे उपदेशक ख्रिस्तविरोधक म्हणतात) प्रकट होईल, देवाच्या मंदिरात बसेल आणि आपणच देव आहोत असे मिरवील. मंदिर तर इ. स. 70 मध्ये रोमी सेनापती तीताच्या सैन्याने जाळले. मग त्याला बसायला नवे मंदिर लागणार, म्हणून ते बांधले जाणारच, असा हा हिशोब. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने मांडलेली शेवटच्या काळाची आखणी 1909 च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमधून जगभर गेली. त्याच आखणीत हा हिशोब बसतो.

एका प्रार्थनासभेत भिंतीवर शेवटच्या काळाचा लांबलचक तक्ता लावला होता. सात वर्षे, मधोमध लाल रेघ, अलीकडे पलीकडे 42-42 महिने. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारले, “पास्टर, मंदिराच्या त्या जागेवर तर आज मशीद आहे. ती पाडावी लागेल का?” उत्तर मिळाले, “देव मार्ग काढील.” आणि सभेने “हालेलुया” म्हटले. त्या हालेलुयाने माझ्या पोटात गोळा आला, कारण असा मार्ग काढू पाहणारा माणूस होऊन गेला आहे. 21 ऑगस्ट 1969 रोजी डेनिस मायकल रोहन या ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माणसाने अल-अक्सा मशिदीला आग लावली. मंदिराला जागा मोकळी व्हावी आणि ख्रिस्त लवकर यावा, हा त्याचा हेतू होता. सुलतान सलाउद्दीनने तिथे बसवलेले आठशे वर्षांचे लाकडी व्यासपीठ त्यात जळून गेले. कोर्टाने रोहनला वेडा ठरवले. पण हा विचार त्याच्या डोक्यात आला कुठून, ते आपण स्वतःला विचारले पाहिजे.

पौल लिहीत होता तेव्हा जेरुसलेमचे मंदिर उभे होते, हे खरे. रोमी बादशहा कॅलिग्युलाने तिथे आपला पुतळा बसवण्याचा हुकूम दिला त्यालाही जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती. त्यामुळे वाचणाऱ्यांना ते मंदिर आठवले असेल, आणि दुसऱ्या शतकात इरेनियस या बिशपने तोच अर्थ घेतला. पण ते पडल्यावर पुन्हा बांधले जाईल, असे पौल कुठेही लिहीत नाही. करिंथच्या मंडळीला मात्र तो स्वच्छ सांगतो की तुम्ही देवाचे मंदिर आहात, देवाचा आत्मा तुमच्यात वस्ती करतो. इफिसकरांसही तेच. प्रेषित पेत्र विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंडे म्हणतो. स्वतः येशूने ‘हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभारीन’ म्हटले ते आपल्या शरीराविषयी, असा खुलासा योहान करतो. परात्पर हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही, हे म्हटल्यावर स्तेफन या येशूच्या अनुयायाला दगडमार झाला. आणि प्रकटीकरणाच्या अखेरीस जी नवी नगरी उतरते तिच्यात मंदिरच नाही. प्रभू देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच तिचे मंदिर.

म्हणून क्रिसोस्तोम या प्राचीन धर्मगुरूने पौलाच्या त्या वचनातले मंदिर म्हणजे केवळ जेरुसलेमचे नव्हे, तर ठिकठिकाणच्या मंडळ्याही, असा अर्थ घेतला. ल्यूथर आणि कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनीही मंडळीच म्हटले, फक्त बोट रोमच्या पोपकडे दाखवले. मला तेही पटत नाही, कारण बोट दुसऱ्याकडे वळले की आपण सुटतो. पौलाचा इशारा मंडळीला आहे. ज्या मंडळीत पाळकाच्या शब्दाला प्रश्न विचारणे म्हणजे देवाविरुद्ध बंड ठरते, जिथे बॅनरवर ख्रिस्तापेक्षा उपदेशकाचा फोटो मोठा असतो, दशांशाचा हिशोब मागणाऱ्याला शापाची भीती घातली जाते, तिथे देवाच्या जागी कोण बसले आहे? हे पाहायला जेरुसलेमचे तिकीट काढावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला तरी कळायला हवी. कोकणातले आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी लोक, पडलेल्या मंदिरासाठी यहुदी पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीला उपवास धरतात आणि तो बिरड्यावर सोडतात, म्हणून त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणतात. समुद्रापलीकडच्या मंदिराचा शोक या लोकांनी शेकडो वर्षे जपला. आपल्या तक्त्यात मात्र ते मंदिर म्हणजे ख्रिस्तविरोधकाने येऊन बसायची एक खुर्ची, आणि ज्यांचे ते मंदिर त्यांचे पुढे काय होणार हे सांगतानाही आपला आवाज कापत नाही. हे शेजारधर्माला धरून नाही, आणि येशू तर जेरुसलेम पाहून रडला होता.

आपल्याकडे विनंती एवढीच की, यापुढे अशी बातमी छापताना ‘काही ख्रिस्ती पंथांच्या मते’ असे लिहावे. रोमन कॅथॉलिक किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत) तिसऱ्या मंदिराचा उल्लेखही नाही. आणि हे पत्र वाचणाऱ्या पाळकांनी थेस्सलनीकाचा तो अध्याय शिकवताना त्याच बैठकीत करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्यायही वाचून घ्यावा.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर